देशांना हवामानाचा लांब पल्ल्याचा प्लॅन करायला बाहेरून मदत मिळते, म्हणजे नक्की काय मिळतं?

गोदाकाठ_मॅडम, गंगापूर रोड

नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते, अकरावीच्या पर्यावरण प्रोजेक्टला यंदा आमच्या मुलांनी भारताचं नेट झिरो २०७० घेतलंय, म्हणजे २०७० पर्यंत जेवढं उत्सर्जन तेवढंच परत शोषून घ्यायचं हे उद्दिष्ट. मी घरून वाचून गेले होते, की पॅरिस करारात सगळ्या देशांनी लांब पल्ल्याचा, कमी उत्सर्जनाचा विकास आराखडा करायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय, भारताने आपला आराखडा १४ नोव्हेंबर २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत दिला, तोपर्यंत जगातल्या साठहून कमी देशांनी दिला होता वगैरे वगैरे. हे सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, म्हणाली मॅडम २०७० ला मी साठी ओलांडलेली असेन, हा प्लॅन नक्की कोणी बसून केला? आणि छोट्या देशांना तर बाहेरचे लोक मदत करतात असं लिहिलंय, मग तो त्या देशाचा प्लॅन कसा काय?

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हटलं. त्याला आता पाच दिवस झाले.

नेटवर शोधलं तर सगळीकडे क्षमता बांधणी, तांत्रिक साहाय्य, समन्वय असलेच शब्द, वाचून झालं तरी हातात काही लागत नाही. म्हणून विचारते, मदत म्हणजे पैसे देतात, की माणसं पाठवतात, की तयार रिपोर्टच देतात? देणाऱ्याला त्यात काय मिळतं? आणि अशी मदत घेऊन खरंच चांगला झालेला एखादा प्लॅन आहे का? मुलांना सांगता येईल असं सांगा, प्लीज.


सिडको_ते_पुणे

मॅडम, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. मी सिडकोत वाढलो, आता पुण्यात ऊर्जेच्या मॉडेलिंगचं काम करतो, म्हणजे कोळसा किती, सोलर किती, गाड्या किती याचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं गणित मांडायचं. आमच्या फील्डमध्ये हा प्रश्न रोज असतो, फक्त इतक्या सरळ कोणी विचारत नाही.

पैसे, माणसं, रिपोर्ट, तुम्ही म्हणता ती तिन्ही प्रकारची मदत असते, पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती चौथी, म्हणजे गणित करायचं साधन. उदाहरण सांगतो. २०१० च्या सुमारास ब्रिटनच्या ऊर्जा खात्यात डेव्हिड मॅके नावाचे शास्त्रज्ञ मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते, त्यांच्या पुढाकाराने तिथे २०५० कॅल्क्युलेटर तयार झाला. आतून साधी एक्सेल शीट, पण प्रत्येक गोष्टीला चार पातळ्या. म्हणजे घरं, बस, कारखाने, वीज यातल्या प्रत्येकात आपण किती जोर लावणार ते एक ते चार मध्ये निवडायचं आणि २०५० ला उत्सर्जन किती होतं ते समोर दिसतं. ती शीट त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि नंतर बऱ्याच देशांना स्वतःची आवृत्ती करायला मदत केली. आपल्याकडे २०१४ ला नियोजन आयोगाने त्याच धर्तीवर इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज २०४७ आणलं, पुढे ते नीती आयोगाकडे गेलं आणि जुलै २०२३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तर मदत ब्रिटनची, पण आपल्या देशात पंप किती, सिमेंट किती, चुली किती हे आकडे आपल्याच लोकांनी भरले. माझ्या मते चांगली मदत अशी असते.

याच गणितासाठी दुसरं एक सॉफ्टवेअर आहे, लीप, स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचं. विकसनशील देशांतल्या सरकारी खात्यांना आणि विद्यापीठांना त्याचं लायसन्स फुकट मिळतं. ओसेमॉसिस म्हणून आहे ते तर पूर्ण ओपन सोर्स. हे मुद्दाम सांगतोय कारण या कामातली महागडी सॉफ्टवेअर विकत घ्यायची म्हटलं तर एखाद्या छोट्या देशाच्या खात्याचं वर्षाचं बजेट त्यातच जाईल.

माणसांचं म्हणाल तर २०१६ ला मोरोक्कोत माराकेशच्या हवामान परिषदेत दोन गोष्टी सुरू झाल्या. एक एनडीसी पार्टनरशिप (एनडीसी म्हणजे पॅरिस करारात प्रत्येक देशाने दिलेलं स्वतःचं हवामानाचं वचन), त्यात देशाने सांगायचं आम्हाला अमुक कामाला माणूस पाहिजे आणि सदस्य संस्थांपैकी कोणीतरी ते काम उचलायचं. दुसरं २०५० पाथवेज प्लॅटफॉर्म, ते खास लांब पल्ल्याच्या आराखड्यांसाठीच, त्यामागे फ्रान्सच्या लॉरेन्स तुबियाना आणि मोरोक्कोच्या हकिमा अल हैते होत्या. पैशाचं बघायचं तर दक्षिण कोरियातल्या ग्रीन क्लायमेट फंडात, म्हणजे विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसे देणाऱ्या जागतिक निधीत, रेडिनेस म्हणून वेगळी खिडकी आहे, आधीच्या नियमांत एका देशाला वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, तेही फक्त तयारीसाठी, प्रत्यक्ष धरण किंवा सोलर बांधायला नाही.

आता चांगला झालेला प्लॅन. मी कोस्टारिका सांगेन. पन्नास लाख वस्तीचा देश, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा लोक कमी. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी २०५० ला नेट झिरोचा प्लॅन जाहीर केला आणि लगेच लोक विचारायला लागले की हे परवडणार का. मग इंटर अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या मदतीने अभ्यास झाला, त्यात अमेरिकेतली रँड ही संशोधन संस्था होती, पण देशाचं मॉडेल बनवलं ते कोस्टारिका विद्यापीठातल्या इंजिनियर लोकांनी. तेलाचे भाव असे झाले तर, बॅटरी स्वस्त झालीच नाही तर, जंगल एवढं वाढलं तर, अशा हजारो शक्यता त्यांनी चालवून बघितल्या आणि उत्तर आलं की खर्च वजा जाता २०५० पर्यंत देशाला साधारण ४१ अब्ज डॉलरचा फायदा आहे, त्यातला मोठा वाटा वाहतुकीतून. आणि शक्यता बदलल्या तरी बहुतेक वेळा फायदाच निघत होता. मला यात आवडतं ते हे की बाहेरचे लोक परत गेले तरी मॉडेल विद्यापीठात राहिलं.

मुलांना दोन देश अजून सांगा. मार्शल बेटं, पॅसिफिक महासागरातला, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर वर असलेला देश, स्वतःचं उत्सर्जन नगण्य, तरी सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आराखडा दिला, आपल्या आधी चार वर्षं. आणि बेनिन, पश्चिम आफ्रिकेतला गरीब देश, त्याने तर डिसेंबर २०१६ मध्येच दिला होता.


द्राक्षवाला_निफाड

वरच्या दादांचं सगळं वाचलं, आकड्यातलं मला फार कळत नाही पण मदतीबद्दल एक सांगतो कारण आमच्याकडे हे घडलेलं आहे. आम्ही सात-आठ बागायतदारांनी मिळून काही वर्षांपूर्वी परदेशातला द्राक्षाचा सल्लागार आणला होता, हंगामात तीन वेळा यायचा, पैसे चांगले मोजले. पहिल्या वर्षी तो सांगेल ते आम्ही केलं, अमुक तारखेला छाटणी, एवढे घड ठेवा, एवढं पाणी. माल बरा आला पण का बरा आला ते आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला, त्याचं वेळापत्रक तिकडच्या हवेवर बसवलेलं, डाउनी हा बुरशीचा रोग असा आला की फवारण्यांवर फवारण्या घेऊन पण घड वाचले नाहीत. भांडण झालं. मग आमच्यातले एक जुने बागायतदार त्याला म्हणाले, तू आम्हाला तारीख सांगू नको, तू काय बघून तारीख ठरवतो ते शिकव. त्यानंतर माणूस खुलला. पानाचं देठ तपासायचं कसं, काडीत सूक्ष्म घड बघायचे कसे, रोज सकाळी पानं किती वेळ ओली राहतात ते लिहायचं. तेव्हापासून माझी डायरी चालू आहे, एक दिवस चुकवलेला नाही. सल्लागार आता येत नाही, गरज पण नाही.

त्या पोरीला हे सांगा मॅडम. तारीख देणारा वेगळा आणि तारीख ठरवायला शिकवणारा वेगळा, देशाचं पण तेच असणार ना.

अजून एक. लोक म्हणतात शेतकऱ्याला उद्याचं कळत नाही तर २०५० चं काय सांगता. अहो बाग लावताना आम्ही पंधरा वर्षांचा विचार करतो, खुंट डॉगरिजचा लावायचा की अजून कुठला, ओळीतलं अंतर किती, मांडव लोखंडी की काय, हे एकदा केलं की बदलता येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली तेव्हा माझा एक एकर सपाट झाला, त्यानंतर प्लास्टिक कव्हर टाकावं का यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती, एकरी खर्च एवढा मोठा की कर्ज काढावं लागतं आणि कर्ज फेडायला पुन्हा आठ वर्षं. तेव्हा पुढच्या आठ-दहा वर्षांत नोव्हेंबरचा पाऊस कसा राहणार हे मला कोणी सांगितलं तर माझ्यासाठी ते सोन्यासारखं आहे. दिल्लीच्या त्या आराखड्यात आमच्यासाठी असं काही आहे का दादा?


एकलहरे_कॉलनी

मी पहिल्यांदाच लिहितोय इथे. माझे वडील नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या थर्मलला, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रात, कंत्राटी कामगार होते, बावीस वर्षं कोल हँडलिंगला काढली, आता मोठा भाऊ तिथेच आहे. चालू आहेत ते तीन संच, २१० मेगावॅटचे, १९८० च्या आसपासचे. आधीचे १४० चे दोन बंद झाले ते आम्ही डोळ्याने बघितलं. रिप्लेसमेंट युनिट येणार येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. कॉलनीच्या बाहेर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो.

म्हणून हा विषय मी वाचत असतो. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी नावाचं कोळशाचं वीज केंद्र आहे, आपल्या एकलहऱ्यापेक्षा जुनं, १९६० च्या दशकातलं. ऑक्टोबर २०२२ ला शेवटचा संच बंद केला. त्या जागी सोलर, पवनचक्की, बॅटरी आणि ट्रेनिंग सेंटर करायला वर्ल्ड बँकेने ४९७ दशलक्ष डॉलरचं पॅकेज मंजूर केलं. ऐकायला किती भारी वाटतं. पण संच बंद झाला आणि नवीन कामं उभी राहिलेली नव्हती, कंत्राटी लोक गेले, घरभाडं देणारे गेले, दुकानं ओस पडली. त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाने नंतर तिथे जाऊन लोकांचं ऐकलं आणि सांगितलं की लोकांशी बोलणं आणि पर्यायी कामाची तयारी खूप आधी सुरू व्हायला पाहिजे होती.

मला बाहेरच्या मदतीचा राग नाहीये. प्रदूषण आम्हीच श्वासात घेतलंय, राख आमच्याच पत्र्यांवर पडते, वडिलांना दम्याचा त्रास आहे. पण प्लॅनमध्ये २०४० ला कोळसा इतका कमी अशी एक रेघ खाली जाते ना, त्या रेघेवर माझा भाऊ उभा आहे. परमनंट लोकांची कुठेतरी बदली होईल, कंत्राटी माणसाचं नाव तर कुठल्याच रजिस्टरला धड नसतं. जो कोणी परदेशातून मदत करायला येईल त्याने आधी त्या कंत्राटी माणसांची यादी करायला पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं.


पंचवटी_६३

एकलहरेवाल्या भावाने लिहिलेलं वाचून गलबलून आलं. मी बँकेतून रिटायर झालोय, कर्ज आणि अनुदान यातला फरक आयुष्यभर लोकांना समजावला म्हणून तेवढंच बोलतो.

२००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की विकसनशील देशांच्या हवामानाच्या कामांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर गोळा करू. तो आकडा त्यांच्याच हिशोबाने पहिल्यांदा पूर्ण झाला २०२२ ला, दोन वर्षं उशिरा. आणि त्या वर्षी सरकारी मार्गाने आलेल्या पैशात जवळपास ७० टक्के कर्ज होतं! दक्षिण आफ्रिकेला कोळशावरून हटण्यासाठी श्रीमंत देशांनी २०२१ मध्ये ८.५ अब्ज डॉलरचं जे पॅकेज जाहीर केलं त्यात निव्वळ अनुदान जेमतेम चार टक्के. पुढे मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्यातून बाहेरच पडली. बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ मध्ये नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उभं राहून विरोध नोंदवला आणि मला ते योग्य वाटलं. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी आपल्याला प्लॅन करायला शिकवायचं आणि वर व्याज घ्यायचं हे मला पटत नाही. आपलं दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. माझं म्हणणं, आपला प्लॅन आपण करावा, कोणाचा सल्लागार नको.


सिडको_ते_पुणे

काका, कर्जाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. फक्त दोन पैसे वेगळे करून बघा अशी विनंती. प्लॅन करायला लागणारा पैसा एकदम थोडा असतो आणि तो बहुतेक वेळा अनुदानच असतं. प्लॅन अंमलात आणायला लागतो तो प्रचंड. भारताच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलंय की २०५० पर्यंत लागणारा पैसा दहा, वीस, तीस ट्रिलियन डॉलर (एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी) अशा घरात जाईल आणि विकसित देशांनी आपला वाटा उचलला पाहिजे. पण हे मागायला हिशोब हातात लागतो. तुम्ही बँकेत होता, प्रोजेक्ट रिपोर्ट नसताना कोणाला कर्ज दिलंत का? उलट चुकीच्या अटीचं कर्ज समोर आलं तर नाही म्हणायला सुद्धा आपला स्वतःचा आकडा लागतो. स्वतःचं मॉडेल नसलेल्या देशासमोर समोरचा माणूस जो आकडा ठेवतो त्यावर सही करावी लागते. त्यामुळे सल्लागार नकोच असं मी म्हणणार नाही, पण सल्लागार गेल्यावर फाइल कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये राहते हे आधी विचारायचं. मी स्वतः एका कामात होतो, देशाचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, तिथे रिपोर्ट सुंदर छापला, समारंभ झाला आणि सहा महिन्यांनी मंत्रालयातला माणूस मला मेल करून विचारतो की मूळ एक्सेल तुमच्याकडे आहे का. त्या दिवशी मला फार लाज वाटली. तेव्हापासून फाइल आणि ट्रेनिंग दिल्याशिवाय काम संपलं असं मी धरत नाही.

निफाडच्या दादांना, भारताच्या लांब पल्ल्याच्या आराखड्यात सात मोठे बदल सांगितलेत, वीज, वाहतूक, शहरं, उद्योग, कार्बन हवेतून काढणं, जंगल आणि पैसा. तुमच्या बागेतला नोव्हेंबरचा पाऊस त्यात सापडणार नाही, तो अनुकूलनाचा, म्हणजे बदललेल्या हवेशी जुळवून घेण्याचा विषय, त्याचा प्लॅन वेगळा असतो आणि त्यालाही बाहेरून मदत मिळते. माझ्या मते ही फारकत हीच मोठी चूक आहे. पाणी नसेल तर गंगापूर धरणावर शेती, शहर, एमआयडीसी तिघं हक्क सांगणार, तेव्हा वीज आणि शेती वेगवेगळ्या फायलीत ठेवून कसं चालेल?

एकलहरेच्या मित्रा, तुझा यादीचा मुद्दा मी लिहून घेतलाय. आमच्या मॉडेलमध्ये रोजगाराचा एक कॉलम असतो, तो आम्ही मेगावॅटला इतकी माणसं असा गुणाकार करून भरतो. कंत्राटी माणसं त्यात धड पकडलीच जात नाहीत. हे मी आमच्या टीममध्ये मांडणार आहे.

मॅडम, शहराचं उदाहरण हवं असेल तर मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये आला, त्याला सी४० या शहरांच्या जागतिक गटाची आणि डब्ल्यूआरआय इंडियाची मदत होती. मुलांना तो जवळचा वाटेल.


गोदाकाठ_मॅडम, गंगापूर रोड

सगळ्यांचे खूप आभार, तीनदा वाचलं. आज वर्गात निफाडच्या दादांची सल्लागाराची गोष्ट सांगितली, नाव न घेता, आणि मग कोस्टारिका. ती मुलगी म्हणाली, मग आपल्या प्लॅनची एक्सेल आपल्याला बघता येईल का? मी म्हटलं नीती आयोगाचं आहे ते बघता येईल. शनिवारी कॉम्प्युटर लॅब दोन तासांसाठी मागून घेतली आहे, चौघात एक मशीन, प्रत्येक गटाने कोळशाची पातळी निवडायची आणि ती का निवडली ते सांगायचं. सिडकोचे सर, तुम्ही अर्धा तास व्हिडिओ कॉलवर याल का? आणि एकलहरेहून कोणी आलं तर मला फार आवडेल, कारण कोळसा कमी करणं मुलांना एका क्लिकचं काम वाटेल.


एकलहरे_कॉलनी

मी भावाला विचारतो मॅडम. त्याची शनिवारी सेकंड शिफ्ट आहे म्हणजे सकाळी मोकळा आहे. त्याला बोलायची सवय नाही, पण येईल, मी सोबत असेन.


सिडको_ते_पुणे

नक्की. आणि कॉलमध्ये मी बोलण्याआधी भावाला बोलू द्या.


द्राक्षवाला_निफाड

आमची ऑक्टोबर छाटणी चालू आहे, मजूर सोडून निघता येणार नाही. डायऱ्या पाठवून देतो, सहा वर्षांच्या आहेत. पाऊस, दव, सकाळचं तापमान सगळं तारखेवार आहे. पोरांना काय उतरवून घ्यायचं ते घेऊ द्या, फक्त २०२३ ची वही जपून हाताळा, तिची पानं गारपिटीच्या दिवशी भिजलेली आहेत.